गाद्यासाठी कापलेलं जाळं

दुष्काळाच्या साली, मार्गशीर्षात, माझी पत्नी तापाने वारली. निरोप आला तेव्हा मी वर्गात होतो. फळ्यावर गणित अर्धं होतं.

ती मालवणकडची, मासेमाराची मुलगी. शिक्षक होण्यासाठी शिकताना आमची भेट झाली आणि लग्नानंतर ती जामखेडला आली. घरासमोर लोहार होता. त्याचा भाता सुरू झाला की पोळी लाटता लाटता तिचे हात थांबायचे. "गादा असाच श्वास सोडतो," म्हणायची. गादा म्हणजे डॉल्फिन. तो होडीजवळ वर आला की तिच्या माहेरी हात आवरत. तो पुढे गेल्यावरच जाळं टाकत.

आदल्या मे महिन्यात आम्ही तिकडे गेलो होतो. सासऱ्यांनी नुकतंच नायलॉनचं जाळं घेतलं होतं. सकाळी ते काढायला होडीतून गेलो, तर त्यात गादा अडकलेला. श्वासासाठी जाळ्यासकट वर येत होता. सुताचं असतं तर फाडून गेला असता. हे तुटेना. तिने सुरी काढली.

"जाळां नवां आसा गो," सासरे म्हणाले. "कापलंस तर शिवतलो कोण? तू जातलंस घाटार."

"मी शिवतलंय. नायतर ह्येंका शिकवतलंय."

"मास्तर जाळां शिवतले?" सासरे हसले. "मगे गादे शाळेक येतले!"

हसता हसता त्यांनीच जाळं ताणून धरलं. तिने कापलं. गादा बुडाला. बऱ्याच वेळाने लांबून भात्यासारखा आवाज आला, तेव्हा ती खाली बसली.

सुट्टीभर ती शिवत राहिली, मला गाठ शिकवत राहिली. तरी अर्धं भोक उरलं. "पुढच्या मे महिन्यात," ती वडिलांना म्हणाली. पुढे जामखेडला विहिरीवरच्या रांगेत उभी असतानाही तिला ते भोक आठवायचं.

ती गेल्यावर, त्या पुढच्या मे महिन्यात मी एकटा गेलो. सासऱ्यांनी तेवढा भाग गुंडाळून ठेवला होता. कुणाला हात लावू दिला नव्हता. जाळं विणायची लाकडी सुई त्यांनी माझ्या हातात दिली आणि शेजारी बसले.

"मास्तरानू, गाठ ढिली जाली," थोड्या वेळाने म्हणाले. "तिचीय पयली अशीच होती."

उरलेलं भोक मी शिवून पुरं केलं.

आता सासरे नाहीत, ते जाळंही नाही. सुई माझ्याकडे आहे. समोरचा भाता सुरू झाला की माझे हात थांबतात.