पाय, पाय, छाती, डोकं

मी बकलांना हात लावला नव्हता. तोंडाने चारही शब्द म्हटले, चांगले मोठ्याने म्हटले, शेजारच्या दोघांना ते ऐकूही गेले. पण माझा उजवा हात त्या वेळी फोनवर होता आणि नजर फोनमधल्या बिबट्यावर. पुढे जे झालं ते एवढ्यावरून झालं. त्यानंतर दीड वर्ष सगळे असंच समजत होते की चूक दुसऱ्याची होती. तो दुसराही तसंच समजत होता, आणि मी त्याला समजू दिलं.

कोळवणच्या खोऱ्यावर एक डोंगर आहे. तिथून आम्ही काही हौशी लोक सुट्टीच्या दिवशी पॅराग्लायडिंग करायचो. आमच्यातले एक दाताचे डॉक्टर. त्यांनी परदेशात विमानातून उडीही मारली होती आणि ती गोष्ट आम्हाला पाठ झाली होती. दुसरे बँकेतून निवृत्त झालेले काका. तिसरा मी, लातूरकडून नोकरीसाठी हिंजवडीत आलेला आणि नांद्याला फ्लॅट घेऊन राहिलेला. चौथे मामा. ते कोळवणचेच, वयाने माझ्याएवढे, पण खोऱ्यात सगळे त्यांना मामा म्हणतात म्हणून आम्हीही म्हणायचो. सुरुवातीला ते फक्त त्यांच्या जीपमधून आमचं सामान डोंगरावर आणून द्यायचे. दोन हंगाम आम्हाला बघितल्यावर एक दिवस म्हणाले, "ही छत्री मला बी शिकवा की." शिकले, आणि आमच्यापेक्षा लवकर शिकले. वारा त्यांना आमच्याआधी कळायचा. त्यांच्या अंगावरचा हार्नेस, म्हणजे छत्रीला जोडलेला पट्ट्यांचा साज, माझाच होता, जुना, मी नवीन घेतल्यावर त्यांना दिलेला.

या छंदात उडणं थोडं आणि बसून राहणं फार. पठारावर एका काठीला लाल साडीची पट्टी बांधलेली असायची. ती नीट समोरून फडफडेपर्यंत दोन-तीन तास गवतात बसायचं. काकांनी एक नियम घातला होता: वाट बघताना वाऱ्याचं नाव काढायचं नाही. काढलं की तो रुसतो. नाव काढणाऱ्याने खाली उतरून सगळ्यांसाठी वडापाव आणायचे. त्यामुळे आमच्या गप्पा जगातल्या इतर सगळ्या गोष्टींवर चालायच्या. फोनवरही आमचे दोन ग्रुप होते, एक उडण्याचा आणि एक 'इतर गप्पा'. पहिल्यावर महिन्यात चार निरोप यायचे, दुसरा दिवसभर वाजायचा.

दुसरा नियम सगळीकडच्या उडणाऱ्यांचा असतो. माणूस हार्नेस बांधायला लागला की त्याच्याशी बोलायचं नाही. मधेच हात थांबला की परत कुठून सुरू करायचं ते हात विसरतात. आणि उडण्याआधी जोडीदाराने त्याच्यासमोर उभं राहून प्रत्येक बकल स्वतःच्या हाताने ओढून बघायचं. दोन मांड्यांची दोन, छातीचं एक, मग हेल्मेट. आम्ही म्हणायचो, "पाय, पाय, छाती, डोकं." मामा प्रत्येक शब्दाला "हाय", म्हणजे 'आहे', म्हणायचे.

त्या दिवशी फेब्रुवारीची दुपार होती. समोरच्या डोंगरावर कुणीतरी वणवा लावला होता आणि त्याचा धूर बराच वेळ सरळ उभा होता. त्या दुपारी एकही घार दिसत नव्हती. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही, नंतर फार वेळा आठवलं. त्या आठवड्यात आमच्या ऑफिसात रोज दोघा-तिघांना बोलावून घरी पाठवत होते, त्यामुळे फोन माझ्या हातातून सुटत नव्हता. हे कारण म्हणून सांगत नाही. तसं होतं, एवढंच.

काकांनी विषय काढला. "नांद्याच्या सोसायटीत बिबट्या शिरला म्हणे. तुमचीच ना हो?"

"शेजारची," मी म्हटलं. "आमच्याकडे अजून पाणीच येत नाही, बिबट्या कुठला यायला."

"त्याला टँकरवाल्याचा नंबर द्या," डॉक्टर म्हणाले. "म्हणावं, एक दिवस आधी सांगावं लागतं."

मामा गवताची काडी चावत होते. "बिबट्या आला न्हाई वो. त्यो हितंच हुता. तुमी आलात."

"वा मामा! आणि आम्हाला जमिनी कुणी विकल्या?"

"म्या न्हाई इकल्या. चुलत्यानं इकल्या. बिबट्या बी त्यालाच हुडकत आला आसंल, माझा वाटा कुटं हाय म्हनून."

काका हसता हसता खोकायला लागले. मग हिंजवडीचा चौक निघाला. तिथून बाहेर पडेपर्यंत बिबट्या चालत ताम्हिणी गाठेल, असं डॉक्टर म्हणाले. मामा म्हणाले, "गाठंल की. त्याला सिग्नल न्हाई आन बायकूचा फोन न्हाई." डॉक्टरांनी मला विचारलं, "तुमच्याकडे किती जणांना काढलं?" मी म्हटलं, "अजून मोजतायत." त्यावर मात्र कुणी हसलं नाही.

तेवढ्यात समोरचा धूर वाकला. आधी थोडा, मग एकदम आडवा झाला, आमच्याकडे. कुणी बोललं नाही, पण सगळे उठले. मामा सर्वांत आधी तयार व्हायचे. त्यांनी हार्नेस पाठीवर चढवला आणि वाकून डाव्या मांडीचा पट्टा हातात घेतला.

त्याच क्षणी माझ्या फोनवर व्हिडिओ आला आणि मी ओरडलो, "मामा, हे बघा! पार्किंगमधला!"

त्यांनी पट्टा सोडला आणि आले. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी फोनमध्ये डोकं घातलं. कुणाच्या तरी गाडीच्या टपावर बिबट्या बसला होता, दिव्यात डोळे चमकत होते. मामा म्हणाले, "आयला, ह्यो तर आमच्या मांजरावानी बसलाय." मी म्हटलं, "थांबा, पुढे बघा." त्यांना मी थांबवून घेतलं. तेवढ्यात काका ओरडले, "चला चला, परत पडायच्या आत!" मामा परत गेले, छातीचं बकल लावलं, हेल्मेट घातलं आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

मी तो व्हिडिओ बायकोला पाठवत होतो. न बघता म्हटलं, "पाय, पाय, छाती, डोकं."

"हाय, हाय, हाय, हाय," मामा म्हणाले आणि वळले.

छत्री सुंदर उठली. मामा पाच पावलं धावले आणि पाय जमिनीवरून सुटले. एरवी ते लगेच मागे रेलून पाळण्यात बसल्यासारखे बसायचे. त्या दिवशी ते बसले नाहीत. लोंबत राहिले. डॉक्टर म्हणाले, "बसत का नाहीयेत?" मला मांड्यांच्या मागे दोन पट्टे फडफडताना दिसले. मला वाटतं, ते मीच पहिल्यांदा पाहिले. मी काही बोललो नाही. मग काकांनाही दिसले. ते वॉकीटॉकीवर ओरडायला लागले, "मामा, खांद्याच्या पट्ट्यात कोपर अडकवा, कोपर!" पण पलीकडून काही आलं नाही. बटण दाबायला मामांचा हात मोकळा नव्हता. छातीच्या एका पट्ट्यावर आणि स्वतःच्या काखांवर ते लटकले होते आणि त्यांच्यावर ताणलेली पिवळी छत्री, तिला काहीच माहीत नसल्यासारखी, सरळ खोऱ्याकडे चालली होती.

दोनेक मिनिटं गेली असतील. खाली भाताची खाचरं सुकून पडली होती. त्यांनी कसं काय वळवलं ते मला आजही कळत नाही, पण झाडीकडे न जाता ते खाचराकडे वळले आणि एका बांधावर आपटले.

त्यांचीच जीप घेऊन आम्ही खाली गेलो. डॉक्टर चालवत होते. मामा धसकटात आडवे होते, डावी मांडी भलत्याच बाजूला वळलेली, चेहरा राखेसारखा. मी जवळ बसलो. त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "साहेब, पाय इसरलो वो."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, "असू द्या मामा. होतं असं कधी कधी."

मांडीत सळई घातली. चार महिन्यांनी ते चालायला लागले, थोडं लंगडत. उडणं संपलं. पठारावर आम्ही त्यांच्याशिवाय बसायला लागलो आणि डॉक्टर नव्या येणाऱ्यांना सांगायचे, "कितीही हुशार माणूस असो, घाई केली की संपलं. आमच्या मामांचंच बघा." मी शेजारी बसून ऐकायचो, पट्टीकडे बघत. मीही त्यानंतर फारसा उडलो नाही. ऑफिसात माझी नोकरी टिकली. त्याचाही मला आनंद झाला नाही.

मला वाटत होतं की हाड जुळलं म्हणजे गोष्ट जुळली. तसं नव्हतं. भेटायला गेलो की मामा एकच गोष्ट बोलायचे. त्यांचे वडील शेवटची काही वर्षं सगळं विसरत गेले होते. शेतातून घरी यायची वाट विसरायचे, स्वतःच्याच अंगणात उभं राहून हे कुणाचं घर म्हणून विचारायचे. "आजून माझं वय न्हाई झालं," मामा म्हणायचे, "पन सुरवात अशीच आस्ती म्हन्त्यात. एकांदी गोष्ट हातातनं निसटती. म्या किती आठवतोय साहेब, पट्टा हातात घेतल्याला आठवतो, फुडलं काय आठवत न्हाई." मामी आतून म्हणायच्या, "पुरं झालं आता ते." आणि मी चहा पिऊन निघायचो. गाडीत बसल्यावर दर वेळी ठरवायचो की पुढच्या वेळी सांगायचं.

मग एका शनिवारी 'इतर गप्पा'वर, पेट्रोलच्या भावाची एक बातमी आणि पिरंगुटच्या खड्ड्याचा एक फोटो यांच्या मधोमध जीपचा फोटो आला. खाली मामांनी लिहिलं होतं, गाडी विकणे आहे, उद्या दुपारी एक गिऱ्हाईक येतंय, अजून कोणी असल्यास कळवणे. डॉक्टरांनी लिहिलं, "मामा, बिबट्याला देताय काय चालवायला?" काकांनी हसरं तोंड टाकलं. मामांचं उत्तर बऱ्याच वेळाने आलं. "शाळेची पोरं बसतात गाडीत. माझा भरवसा नाही आता."

त्या जीपमधून ते वाड्यावस्त्यांवरची पोरं शाळेत पोचवायचे. आम्ही डोंगरावर यायच्याही आधीपासून.

रविवारी सकाळी मी पौडवरून कोळवणला गेलो. पावसाने उघडीप दिली असूनही खोऱ्यात अंधारल्यासारखं होतं, पलीकडच्या डोंगरावर ढग उतरले होते. गिऱ्हाईक यायला अवकाश होता. मामा अंगणात जीप धूत होते. मला बघून म्हणाले, "घेताय का काय, साहेब?" आणि हसले. मी जीपच्या पुढच्या सीटवर बसलो, उगाच. समोर काचेखाली पुठ्ठ्याचा एक तुकडा दोऱ्याने बांधलेला होता. त्यावर खडूने मोठ्या अक्षरात चार शब्द होते: ब्रेक, दार, पोरं, किल्ली.

"हे काय?"

"ते व्हय? उतरताना म्हनायचं," मामा म्हणाले. फडकं खांद्यावर टाकून ते खिडकीशी आले आणि मला दाखवायला एकेका गोष्टीला हात लावत गेले. हँडब्रेकला हात लावला, "ब्रेक, हाय." दाराला हात लावला, "दार, हाय." मागे वळून रिकाम्या बाकावर तळवा ठेवला, "पोरं." मग थांबले. "तरी बी घरी ग्येल्यावर माघारी येतो. दोनदा येतो. एकांदं पोर आत ऱ्हायलं तर, आसं वाटतं. परवा रस्त्यातनं गाडी वळवली, समद्यास्नी घरी सोडल्यावर. मग म्हनलं, इकून टाकावी."

मी खाली उतरलो. फोन मी माझ्या गाडीतच ठेवला होता. मामी चहा घेऊन ओट्यावर आल्या होत्या. मी म्हटलं, "मामा, तुम्ही विसरला नव्हता."

त्यांनी बाकावरचा हात काढून घेतला.

"तुम्ही पट्टा हातात घेतला होता. बांधतच होता. मी हाक मारली, बिबट्या बघायला. बांधणाऱ्याला हाक मारायची नसते, मला माहीत होतं. तुम्ही परत गेलात तेव्हा मी तपासायचं होतं. मी तपासलं नाही. नुसतं तोंडाने म्हटलं. माझा हात फोनवर होता."

मामांनी खांद्यावरचं फडकं काढलं आणि हातात नुसतं धरून ठेवलं. मग फार हळू विचारलं, "मंजी म्या इसरलो न्हवतो?"

"नाही."

"तुमाला कवा कळलं?"

"तुम्ही हवेत होता तेव्हाच. पट्टे दिसले मला."

मामींनी कप ओट्यावर ठेवला. "दीड वरीस?" त्या म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. "दीड वरीस ह्यो मानूस रातंदिस बापाचं नाव घिऊन बसतोय, आन तुमी हितं येऊन चहा पिऊन जाता?"

मामांनी जीपच्या बोनेटवर हात टेकवला होता आणि ते डोंगराकडे बघत होते, जिथून आम्ही उडायचो तिकडे. खाली रस्त्यावर कुठल्यातरी गाडीचा हॉर्न वाजला, गिऱ्हाईक वेळेआधीच आलं असावं. मला वाटलं, आता नाही बोललो तर परत बोलणार नाही.

"मामा," मी म्हटलं, "तुमचा पाय मोडला तो माझ्यामुळे. आणि तुमच्या डोक्यात हे जे बसलंय तेही माझ्यामुळे, मी गप्प राहिलो म्हणून. तुम्ही मला विचारलं नव्हतं, पण तुम्ही माझं मनगट धरलं होतं, आणि मी खोटं बोललो. आजच मी हे सगळ्यांना ग्रुपवर लिहून सांगणार आहे. तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही. गाडी विकू नका. मला माफ करा, असं म्हणायचा मला हक्क नाही, तरी म्हणतो. मामा, मामी, माझी चूक झाली. मी तुमची माफी मागतो."