लाइट गेल्यावरचं पद

भुताखेतांच्या गोष्टी मला कधी पटल्या नाहीत. सेटवर कोणी तसलं काही सांगायला लागलं, की मी चहाच्या निमित्ताने उठून जातो. या ग्रुपवरही दोन वर्षं नुसता वाचतोय, आणि खरं सांगू का... निम्म्या वेळा मनातल्या मनात हसत. त्यामुळे आज माझ्यावर कोणी हसलं तर माझी तक्रार नाही. पण ही गोष्ट सांगायची तर आधी माझी एक लबाडी कबूल करावी लागते. म्हणूनच इतके महिने लिहायला हात धजत नव्हता.

मी नट आहे. नाव सांगत नाही, चेहरा बघितला तर तुमच्यातले बरेच जण ओळखतील. एका मालिकेत मी नऊ वर्षं कडक सासऱ्याचं काम करतोय. हातखंब्याला गाडी थांबवली, की टपरीवाला कप पुढे करता करता विचारतो, "दादासाहेब, सुनेला घरात कधी घेताय?" मुंबईला जाण्याआधी मात्र मी रत्नागिरीतला गाणारा नट होतो. संगीत नाटक, राजाचं काम, सात पदं, आणि पट्टी काळी चार. ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो, पुरुषाच्या आवाजाला ही उंच पट्टी आहे. रोज मेहनत केली तर राहते, नाहीतर जाते.

मला गायला शिकवलं वामनकाकांनी. ते आमच्या मंडळाचे ऑर्गनवादक. पायाने भाता मारत, डोळे मिटून वाजवायचे. दोन ओळींच्या मधे मी श्वास घ्यायला थांबलो, की ती जागा ते चार स्वरांनी भरून काढायचे. चौथा स्वर जरासा रेंगाळायचा. तसं वाजवणं दुसऱ्या कोणाला जमलं नाही. काका गेले तेव्हा माझं शूटिंग चालू होतं. सुट्टी मागितली असती तर मिळाली असती. मी मागितलीच नाही. हे मला आजही खुपतं.

मालिकेने मला नाव दिलं, घर दिलं, पण आवाज खाल्ला. रोज बारा बारा तास सुनेवर ओरडायचं म्हणजे काय गंमत आहे का? रियाज सुटला, मग घशात गाठ आली, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, बोलायला काही अडचण येणार नाही. गाण्याचं मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

गेल्या वर्षी मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. वर्धापनदिनाला तेच नाटक करायचं होतं, राजा मीच हवा होतो, आणि तिकिटं तर बोलतानाच खपल्यासारखी होती. मी फुगलो आणि हो म्हणून बसलो. फोन ठेवल्यावर बाथरूममध्ये जाऊन पहिल्या पदाची पहिली ओळ म्हणून बघितली. वरच्या सुरावर आवाज फाटला. चार दिवस रोज बघितलं, रोज फाटला.

आता लबाडी ऐका. मी मुंबईत एका स्टुडिओत जाऊन सातही पदं रेकॉर्ड केली, ती काळी एकमध्ये, म्हणजे बऱ्याच खालच्या पट्टीत, तुकड्या तुकड्यांनी. मशीनवर सूर सरळ करून घेतले. मागे ऑर्गनही भरला. प्रयोगात तो ट्रॅक लावायचा आणि मी नुसते ओठ हलवायचे! मालिकेत असली कामं सर्रास चालतात. पण संगीत नाटकात, आणि तेही रत्नागिरीत, जिथे पानवाल्यालाही पदं पाठ आहेत... तिथे हे म्हणजे देवाच्या दारात चोरी करण्यासारखं आहे. मला ते कळत होतं. तरी केलं, कारण माझ्या माणसांसमोर फजिती होण्याची भीती त्याहून मोठी होती.

दोघांना सांगावंच लागलं. एक नंदू, साउंड सांभाळणारा. दुसऱ्या सुलभाताई. ताई शाळेत गणित शिकवतात, काकांच्या शिष्या, आणि आता मंडळाचा ऑर्गन त्याच वाजवतात. फोनवर त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी वाजवल्यासारखं करीन. पण काकूंना तोंड दाखवायचं ते तुझं तू दाखव."

काकू म्हणजे वामनकाकांची बायको. मंडळाचा प्रयोग असला, की पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर त्या असणारच.

प्रयोग दुपारी चारचा ठेवला होता, राजापूर-चिपळूणकडून येणाऱ्या मंडळींना एसटीने परत जाता यावं म्हणून. हॉल गच्च भरला. पहिले दोन अंक बिनबोभाट पार पडले. नंदू वेळेवर ट्रॅक लावत होता, मी ओठ हलवत होतो, आणि खाली रंगमंचापुढे, माईक बंद केलेल्या ऑर्गनवर ताईंची बोटं अलगद फिरत होती. लोक माना डोलावत होते. मला मात्र एकेक मान सुईसारखी टोचत होती. काकूंकडे मी एकदाही बघितलं नाही.

तिसऱ्या अंकातलं मोठं पद सुरू झालं. पहिली ओळ झाली, दुसरी निम्मी झाली, आणि लाइट गेली.

बाहेर अजून उजेड असला तरी दारं लावलेल्या हॉलमध्ये मिट्ट काळोख झाला. स्पीकर बंद, ट्रॅक बंद. आता पुढच्या क्षणी सगळं उघडं पडणार होतं. आणि माझ्या हाताने काय करावं? घामाने मिशीचा गम सुटत आला होता, तर सवयीने तळहात ओठांवर गेला आणि मी मिशी दाबून धरली. नटाची जात, दुसरं काय! हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं जे झालं तेव्हा माझा तळहात माझ्या मिटलेल्या तोंडावर होता.

पद थांबलंच नाही.

दुसरी ओळ जिथे तुटली होती तिथूनच ती पुढे गेली. आवाज स्पीकरमधून येत नव्हता. माझ्या अगदी जवळून, हातभर अंतरावरून येत होता. आणि पट्टी चढली होती. काळी चार! आवाज माझाच होता हो... पण आत्ताचा नव्हे. पंचविशीतला, मुंबईला जायच्या आधीचा. ओळ संपली आणि खालून ऑर्गनने ते चार स्वर भरले. चौथा रेंगाळला.

 मला भीतीपेक्षा लाज जास्त वाटली, हे खरं सांगतो. इतकं सुंदर मी कधी काळी गात होतो, आणि ते मी टाकून दिलं होतं. काळोखात उभा राहून मी रडलो. पूर्ण पद झालं, शेवटची तान समेवर आली, आणि मग जनरेटर सुरू होऊन दिवे लागले.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यांच्या लेखी मी माईकशिवाय, अंधारात, न डगमगता गायलो होतो. काकू मात्र नुसत्या बसून माझ्याकडे बघत होत्या.

शेवटची भैरवी राहिली होती. विंगेत आलो. नंदूकडे माणूस पाठवून निरोप दिला, की ट्रॅक लावू नकोस. खाली ताईंना खुणेने काळी एक दाखवली आणि ऑर्गनचा माईक चालू करायला सांगितला. हे शौर्य वगैरे नव्हतं. ते पद ऐकल्यावर पुन्हा ओठ हलवणं मला शक्यच नव्हतं, एवढंच. भैरवी मी गायलो. वरच्या सुरावर आवाज दोनदा फाटला, एकदा शब्द घशातच राहिला. तरी शेवटपर्यंत म्हटली. टाळ्या पडल्या, बेताच्या.

नंतर मेकअप रूममध्ये गर्दी झाली. सगळ्यांचं एकच, की अंधारातलं पद काय रंगलं, शेवटी जरा दमलात, पण चालायचंच. गर्दी ओसरल्यावर नंदू आला. लाइट जाताच त्याने लॅपटॉप थांबवला होता, आणि अ‍ॅम्प्लिफायर तर विजेवाचून मेलेलाच होता. मग ताई आल्या. चष्मा काढून पदराला पुसत राहिल्या. म्हणाल्या, काळोखात ऑर्गनच्या पट्ट्या दिसेनात म्हणून त्यांनी दोन्ही हात उचलून घेतले होते, पायसुद्धा भात्यावरून काढला होता. आणि त्या वाजवण्याबद्दल आत्ताच अध्यक्ष त्यांची पाठ थोपटून गेले होते.

काकू सगळ्यात शेवटी आल्या. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी पाठीवर हात ठेवला.

"भैरवी तेवढी तू म्हटलीस," त्या म्हणाल्या.

आधीच्या पदाचं मी विचारलं, तर त्यांनी मान हलवली. "ते मला नाही सांगता यायचं. तू रोज बसत जा. काळी एक तर काळी एक." आणि रिक्षा थांबलीय म्हणून निघून गेल्या.

आता तुम्ही म्हणाल, भीतीपोटी मीच गायलो असेन आणि मला आठवत नसेल. मीही स्वतःला हेच सांगून बघितलं. पण तोंडावर हात ठेवून कोणी काळी चारमध्ये गाऊन दाखवावं. आणि ऑर्गनचं काय? प्रेक्षकांपैकी कोणी मोबाइलवर घेतलंय का, याची चौकशी मी केलेली नाही. ते पुन्हा ऐकायची माझी छाती नाही. 

मंडळाने यंदा पुन्हा बोलावलंय. अंधारात गाणारा नट म्हणून माझी रत्नागिरीत आता ख्याती झालीय, लोक तेवढ्यासाठीच येणार. काल अध्यक्षांना फोन लावला आणि ट्रॅकपासून सगळं सांगून टाकलं.  त्यांनी एवढंच विचारलं, "मग या वेळी गाणार कोण?"

मी म्हटलं, "मीच. जसं येईल तसं."