निळ्या पिंजऱ्याचा वास

अमाईन नावाच्या रसायनांना मासळीसारखा वास येतो, हे मी अकरा वर्षं फळ्यावर लिहीत होते. मासळीचा वास कसा असतो हे मात्र मला ठाऊक नव्हतं. मी सिरसाळ्याच्या किराणा दुकानदाराची लेक. गळ्यात शिवलिंग, आणि शेजारी अंडं फुटलं तरी आमच्या घरी खिडक्या लागायच्या. पण वर्गात 'मासळीसारखा' हा शब्द मी अशा ठसक्यात उच्चारायची, की पोरांना वाटावं, बाई रोज पहाटे धरणावर गळ टाकून बसतात.

परवानाराज मोडायचे ते दिवस. दुकानांत परदेशी साबण आले, चौकात पिवळे एसटीडी बूथ आले आणि आमच्या कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात प्लॅटिनमचा परदेशी क्षार आला, चिमूटभर. त्याच्या जोरावर मी नोकरी सांभाळून पीएच.डी. करत होते. मुदतवाढ दोनदा झाली होती. जूनअखेर प्रबंध दिला नाही तर नोंदणीच रद्द होणार होती.

माझा विषय होता पोकळ पिंजरे. कोपऱ्यांना प्लॅटिनमचे अणू आणि भिंतींना सपाट सेंद्रिय रेणू. हे बरोबर प्रमाणात मिसळून तापवले की आपले आपण जुळतात आणि मधे पोकळी असलेला एक रेणू तयार होतो. त्याचं द्रावण फिकट पिवळं. या पिंजऱ्याला कुणी इलेक्ट्रॉन दिला तर त्याचं क्षपण होतं आणि द्रावण निळं पडतं. बूच काढलं की हवेतला ऑक्सिजन तो इलेक्ट्रॉन हिसकावून घेतो आणि निळाई जाते. सगळा व्यवहार एवढाच. फक्त इलेक्ट्रॉन देणारा कुणीतरी लागतो.

आणि माझ्या फ्लास्कमध्ये देणारा कुणीच नव्हता! पाडव्याच्या सुमाराला मी बूच घट्ट लावून फ्लास्क खिडकीत ठेवला. बीडचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. दुपारपर्यंत आत शाईसारखा निळा रंग. बूच काढलं, पिवळा. पुन्हा लावलं, पुन्हा निळा. मी हरखले. देणाऱ्याशिवाय, नुसत्या उन्हानं इलेक्ट्रॉन येतो आणि माझ्या पिंजऱ्याच्या पोकळीत पाहुण्यासारखा बसून राहतो, असा सिद्धांत मी दोन दिवसांत रचला. चाळीस पानांचं प्रकरण लिहिलं. पिंजरा ज्यात विरघळवला ते द्रावक ताजं घेऊन प्रयोग पुन्हा करून पाहावा, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही सुचलं असतं. मला सुचलं नाही, कारण मला त्या वेळी फक्त स्वतःचा फोटो पेपरात कसा दिसेल, एवढंच सुचत होतं.

संस्थेचे अध्यक्ष खास गाडी काढून निळा रंग बघायला आले. त्यांनी फ्लास्क उजेडात धरला.

"बाई, पिंजरा म्हणता, पण हितं तर नुसतं पाणी हाय. ह्यात धरलं काय?"

"इलेक्ट्रॉन, साहेब."

"ढाण्या वाघ धरल्यावानी सांगायल्या राव!" म्हणून ते हसले, आणि जाता जाता सत्काराची शाल कोणत्या रंगाची हवी ते विचारून गेले. मी म्हटलं, "निळी." लाजले तर नाहीच, उलट काठ कसले हवेत तेही सांगितलं.

आता मामांविषयी सांगते. मामा म्हणजे आमचे प्रयोगशाळा परिचर, निवृत्तीला आलेले. रविवारी ते धरणावर मासे धरायचे. पाडव्याआधीच्या एका सोमवारी त्यांनी डब्यात मासळी आणली. डबा बंद होता, वास मला आला नाही, कुणीतरी चुगली केली होती. तरी मी त्यांना बाहेर लिंबाखाली जेवायला पाठवलं, विभागभर फिनेल ओतायला लावलं आणि चार पोरांसमोर बजावलं, "इथं मासळीचं नावसुद्धा काढायचं नाही." मामा "बरं बाई" म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी खरंच काढलं नाही.

मे महिन्यात माझे मार्गदर्शक प्रकरण तपासायला आले. मूळचे मालवणचे. मांजरसुंब्याला एसटी बदलून, तिथल्या ढाब्यावरच्या डाळीला नावं ठेवत ते आमच्या प्रयोगशाळेच्या दारात आले आणि तिथंच थांबले. डोळे मिटून त्यांनी एक लांब श्वास घेतला.

"अगो, या दुष्काळी मुलखात बांगडे कोणी आणले?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मामा! डबा उघडा!"

मामांनी डबा टेबलावर ठेवून झाकण काढलं. ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा, कांद्याच्या दोन फोडी. दारात पोरं जमली होती. मग मामांनी फडताळातून माझ्या द्रावकाची बाटली काढली आणि बूच उघडून सरांच्या नाकाजवळ धरली.

"सायेब, हिचा वास घ्या."

सरांचं हसू विझलं. "ही कधीची आहे?"

"दोन उन्हाळे झाले, सायेब. पत्र्याच्या खोलीत व्हती."

सर माझ्याकडे वळले. "द्रावक कुजलंय तुझं. यात अमाईन तयार झालंय. इलेक्ट्रॉन तेच देतंय. तुझा पिंजरा काही जादू करत नाही, पुढ्यात आलेलं खातोय. आणि तो इलेक्ट्रॉन पोकळीत बसत नाही, भिंतींवर पसरतो. पोकळ आहे तो तुझा तर्क."

मी बाटली हुंगली. उग्र, ओलसर वास. दीड महिना मी त्याला परदेशी रसायनाचा वास समजत होते!

"मामा, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पाडव्यापासनं."

"मग बोलला का नाहीत?"

"आता कावून बोलावं, बाई? तुमीच म्हणलात, हितं मासळीचं नाव काढायचं न्हाई. आन् मला वाटलं, एवढ्या शिकलेल्या बाई, तुमाला बी वास येतच आसंल."

दारातलं एक पोरगं खिंकाळलं. मी त्याला हाकललं. त्याचं हसणं बरोबरच होतं, पण तेव्हा हाकलायला मला दुसरं कुणी उरलं नव्हतं.

सरांनी विद्यापीठातून ताजं द्रावक पाठवलं. मी दोन फ्लास्क खिडकीत ठेवले. एकात पिंजरा नुसत्या ताज्या द्रावकात, दुसऱ्यात तसाच, पण त्याच जुन्या बाटलीतला एक थेंब जास्त. पहिला संध्याकाळपर्यंत पिवळाच राहिला. थेंबाचा दुपारी निळा झाला. मामा स्टुलावर बसून दोन्हींवर नजर ठेवून होते. "घ्या, लागला गळाला," एवढंच म्हणाले.

चाळीस पानं मी फाडली आणि अठरा नवी लिहिली. पिंजरा इलेक्ट्रॉन कुणाकडून घेतो, हेच आता प्रकरण झालं. जूनच्या शेवटच्या आठवड्यात प्रबंध गेला, पदवी मिळाली, शालही मिळाली. निळी. आभारांच्या पानावर मी मार्गदर्शक, प्राचार्य, अध्यक्ष आणि विभागात कधी पाऊल न ठेवलेले माझे यजमान, सगळे घातले. मामांसाठी आतल्या पानावर एक वाक्य होतं: 'द्रावकाचे विघटन झाल्याचे निदर्शनास आले.' निदर्शनास आले! कुणाच्या? जणू बाटलीच उठून माझ्याकडे तक्रार घेऊन आली होती.

बांधलेली प्रत विभागात आली तेव्हा मामांनी हात पुसून ती चाळली. इंग्रजीच सगळं.

"बाई, ह्यात आपलं कुठं हाय?"

मी ते पान काढलं, वाक्यावर बोट ठेवलं आणि मराठीत अर्थ सांगितला. त्यांनी तो पुन्हा एकदा सांगायला लावला. मग पानावर वाकून त्यांनी चक्क नाक लावलं.

"सगळं बराबर लिवलंय, बाई," मामा म्हणाले. "वास तेवढा येईना."