शोभेचा राउटर

अख्खी हयात दूरध्वनी खात्यात तारा ओढण्यात गेली. त्यामुळे शिंदखेड्यात कुणाचं नेट बंद पडलं की मी, पितांबर आबा, न बोलावता सल्ला द्यायला जातो. लोक चहा पाजतात आणि माझी पाठ वळली की कंपनीला फोन लावतात.

मुलगा हितेंद्र वर्षभरासाठी दुबईला गेला, तेव्हा सून सारिका लहानग्या नातीला घेऊन आमच्याकडे आली. मागच्या खोलीत बसून ती पुण्याच्या कंपनीचं काम करते. तिच्यासाठी म्हणून स्मार्ट राउटर आणला आणि बसवला मात्र पुढच्या खोलीत, माझ्या खुर्चीच्या वर. चार अँटेनांचा डबा आल्यागेल्याला दिसायला नको का?

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली आणि मागच्या खोलीतलं नेट मंदावलं. मी डबा बंद-चालू केला, अँटेना पिरगाळल्या. शेजारी चोरून वापरतात म्हणून पासवर्ड बदलला आणि सारिकाला सांगायलाच विसरलो. तिची मीटिंग मधेच तुटली. ती चिडली नाही. "आबा, असंच राहिलं तर सोमवारी पुण्याला जावं लागेल," एवढंच म्हणाली. नात गेली तर हे घर मला खायला उठेल.

मग मोबाईलवर राउटरचं ॲप उघडून घरभर हिंडलो. खुर्चीपाशी सगळ्या रेघा. मधल्या खोलीत पत्र्याच्या कोठ्यांच्या अलीकडे ठीक, पलीकडे जेमतेम एक. वर्षाचा गहू आणि दादर ज्वारी भरलेल्या त्या पुरुषभर उंच कोठ्या आखाजीला मीच भिंतीसारख्या लावल्या होत्या, आणि काय शिस्तीत लावल्या म्हणून स्वतःची पाठही थोपटून घेतली होती.

कोठ्या सरकवायला कंबर कसली, तर बायको मंजुळाबाई आडवी आली. पूजा करून भरलेली कोठी आमच्या घरात रिकामी होईपर्यंत जागची हलत नाही.

"भरेल कोठी हालाडतस नही," ती म्हणाली. "तुमना डबा उचला."

उचलला. वायर वाढवून राउटर सारिकाच्या टेबलापाशी नेला. सोमवार आला, गेला; सारिका आणि नात इथंच आहेत.

आता माझ्या खुर्चीला नेट नाही. मोबाईल बघायचा तर नातीला मांडीवर घेऊन सारिकाच्या दाराशी पाटावर बसतो. परवा मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं, मागे कोण बसलंय?

"आमचे आबा," सारिका म्हणाली. "नेट त्यांनीच नीट केलं."

बिघडवलं कुणी, ते तिनं सांगितलं नाही.