पयल्या बहराची जास्वंद

झाडं वाळवून कागदावर चिकटवणारी माणसं अबोल असतील, असं लोकांना वाटतं. आमच्या साताऱ्याच्या कॉलेजात मात्र हर्बेरियमच्या, म्हणजे अशा वाळवलेल्या झाडांच्या संग्रहाच्या, शीट्सपेक्षा वनस्पतिशास्त्राच्या साबळे सरांचे किस्सेच जास्त साठले! मी त्यांचा डेमॉन्स्ट्रेटर, त्यामुळे बहुतेक ठिकाणी साक्षीला हजर.

*

सर तेव्हा नर्सऱ्यांतल्या जास्वंदींची नोंद करत होते. सांगलीला तात्यांच्या नर्सरीत भरगच्च पाकळ्यांची केशरी जास्वंद आली आणि सरांची झोप उडाली. तेवढी एक शीट झाली की संग्रह पुरा होणार होता. पण फुलाशिवाय शीट म्हणजे मुंडक्याशिवाय फोटो!

तात्या म्हणाले, "पानाची फांदी न्या की. फूल न्हाई मिळायचं. पयल्या बहराची समदी फुलं गणपतीची!"

"अहो, एकच द्या!"

"आवं सर, देवाच्या ताटातलं उचलता व्हय?"

*

शेवटी पानाची फांदीच वर्तमानपत्रात घालून दोन फळ्यांमध्ये आवळली. परतताना एसटीत फळ्यांचा पट्टा तुटला. दाब सुटला की पानं मुडपतात. शेजारी उंब्रजच्या एक भरभक्कम मावशी होत्या. सर अदबीनं म्हणाले, "मावशी, जरा या फळीवर बसता का? कॉलेजचं काम आहे."

मावशी बसल्या. उंब्रज आलं तशा उठल्या. सर कळवळले, "साताऱ्यापर्यंत चला की!"

"आग्गं बया! आमच्या मालकांनी बी कवा येवढा आग्रह केला न्हाई!"

*

त्या फांदीचा न दाबता उरलेला ओला तुकडा सरांनी घरामागं परसात खोचला. तो फुटला आणि बहात्तरचा दुष्काळ आला. प्यायच्या पाण्याची मारामार, तिथं झाडाला कोण घालणार? एका सकाळी सर पंचा नेसून जास्वंदीपाशी उभे, अंगावर तांब्या ओततायत. शेजारी बघतच राहिले.

"सर, उघड्यावर आंघोळ?"

"आंघोळ झाडाची चाललीय. मी फक्त मधे उभा आहे!"

*

दुष्काळ सरला. सरांच्या झुडपाला पहिल्यांदाच कळ्या धरल्या, आणि त्याच आठवड्यात तात्या दारात. विहीर आटून त्यांची नर्सरी वाळली होती, केशरी जास्वंदही गेली होती.

"सर, तुमच्या कॉलेजच्या कपाटात ठेवलेली फांदी द्या. कलम करतो."

मला हसावं की रडावं कळेना. ती फांदी तर औषध लावून पार वाळवलेली! सर तात्यांचा हात धरून त्यांना परसात घेऊन गेले. झुडपावर एक केशरी फूल उमललं होतं. तात्यांनी डोळे पुसले आणि खिशातून चाकू काढला.

सर आडवे आले. "पानाच्या फांद्या हव्या तेवढ्या न्या. फूल न्हाई मिळायचं. पयल्या बहराची समदी फुलं..."

"ठावं हाय," तात्या म्हणाले. "गणपतीची."

"हर्बेरियमची!"