उद्घाटन उत्साहात पार पडले

पनवेलला आमच्या साप्ताहिकाच्या कचेरीत एक माणूस नव्या दुकानांच्या प्रेसनोट आणून द्यायचा. कार्यक्रम उद्याचा असला तरी मजकूर आजच तयार: ‘उद्घाटन उत्साहात पार पडले.’ स्वतःचं नाव त्याने कधी सांगितलं नाही. एकही सुरकुती नसलेला कागद टेबलावर ठेवून तळव्याने सपाट करत राहायचा.

एकदा मी वैतागलो. “अहो, फीत कापली यात बातमी कसली? वाचणारा दचकला पाहिजे!”

“बरं,” एवढंच म्हणाला.

पुढच्या खेपेला सुकापूरच्या फर्निचरच्या दुकानाची प्रेसनोट आली. फीत कापताना स्वागत कमान कोसळली, मालक जागीच ठार.

मी खरंच दचकलो. “कधी झालं हे?”

“उद्या सकाली हाय,” कागद सपाट करत तो म्हणाला. “आता तरी पयल्या पानावर घ्याल ना?”