खोट्या रेडिएटरची गाडी

सौदीतल्या खमीस मुशैतला माझ्या कफीलने, म्हणजे ज्याच्या व्हिसावर मी आलो त्या मालकाने, जुन्या गाड्या जमवल्यात, त्यांचा मी मेकॅनिक. त्यांत एक फार जुनी अमेरिकन गाडी होती. तिच्या इंजिनाला पाणी लागायचं नाही. पुढचा पंखा वारा ओढून सिलिंडरवर सोडायचा, बस्स. तिच्यावर माझा जीव होता. बाकीच्या नुसत्या मिरवायच्या.

तिच्या कंपनीची मात्र मला कीवसुद्धा येत नाही. वर्षानुवर्षं जगाला ओरडून सांगितलं, पाणी नको, वारा पुरे. मग विक्रेते कुरकुरले की गाडीला इतरांसारखं नाक नाही. झालं! या शूरवीरांनी पुढे खोट्या रेडिएटरची जाळी ठोकली. मंदीत कंपनी बुडाली, इंजिनांचा धंदा तेवढा वाचला आणि विमानांची इंजिनं करू लागला. पुढे एका मोटारवाल्याने तोही घेतला आणि वाऱ्यावरच्या इंजिनात चक्क पाणी खेळवलं. कणा म्हणून नव्हताच कुणाला.

कफीलच्या मुलाचं लग्न ठरलं. शेजारच्या अभा शहराच्या घाटातून लग्नाच्या हॉलपर्यंत हीच गाडी न्यायची होती. घाटाआधी पाणी भरायचं, ही इथली सवय. आपल्या भावांसमोर कफीलने जाळीवरचं टोपण उपटून बाटली ओतली. पाणी त्याच्याच चपलांवर. भाऊ खो खो हसले.

"मोया वेन? पानी किधर जाता?" तो माझ्यावर खेकसला.

"शेख, इसको पानी नहीं लगता. हवा से ठंडा होता है."

"सब हँसता है. असली रेडिएटर लगाओ. यल्ला!"

"हवा रुकेगी, शेख. इंजन जाम होगा."

"मालिक कौन है?"

माझा इकामा, इथे राहायचा परवाना, त्याच्या हातात. पिकअपचा रेडिएटर आणला आणि बरोबर वाऱ्याच्या वाटेत बसवला. काठोकाठ भरलेला, कशालाच न जोडलेला. भाऊ खूश झाले. लायकीच तेवढी.

लग्नाच्या दिवशी कफील स्वतः चालवत होता, मी शेजारी. निम्म्या घाटात इंजिनाचा आवाज बदलला. थांबा, थांबा म्हणून मी ओरडलो. त्याने ॲक्सिलरेटर आणखी दाबला. करकर झाली आणि इंजिन जागीच मेलं. मला रडूच आलं.

तो उतरला. रेडिएटरवर हात ठेवला. गार होता. मग इंजिनाला बोट लावलं आणि चटका बसून मागे सरला.

"देखो," मागून आलेल्या भावांना त्याने समजावलं, "रेडिएटर एकदम अच्छा. इंजन ही खराब था."

सगळ्यांनी माना डोलावल्या.